पाळीव पक्ष्याची ओळख कशी ठेवायची: रिंग, चिप की फोटो, कुठल्या पक्ष्याला काय

जानेवारी आला की नाशकातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, राखाडी कॉकाटिल उडालाय, गालावर केशरी ठिपका, कोणाला दिसला तर प्लीज कळवा. संक्रांतीच्या आसपास गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, दारं खिडक्या सताड उघडी, त्यात फटाके आणि स्पीकर, पक्षी दचकतो आणि जी खिडकी दिसेल तिथून निघतो. आता अडचण बघा, कॉकाटिल म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, आणि राखाडी रंग आणि गालावर केशरी ठिपका हे वर्णन शहरातल्या जवळपास प्रत्येक साध्या ग्रे कॉकाटिलला लागू पडतं. समजा इंदिरानगरमधून उडालेला पक्षी पाथर्डी फाट्याला कोणाच्या तरी बाल्कनीत बसला आणि त्यांनी तो प्रेमाने ठेवून घेतला, तुम्ही दारात गेलात, तर त्यांचा पहिला प्रश्न असणार, तुमचाच कशावरून? आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे, त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारला असता.

कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालता येतो, पक्ष्याच्या गळ्यात काहीच घालता येत नाही, घालूही नका. म्हणून ओळखीचा विचार पक्षी घरी आणतानाच करायला लागतो.

आधी हे ठरवा की ओळख हवी कशासाठी

ओळखीची दोन वेगवेगळी कामं आहेत. एक, पक्षी ज्याला सापडेल त्याला बघताक्षणी कळलं पाहिजे की हा पाळलेला आहे, कोणीतरी याला शोधत असणार. दोन, एकाच पक्ष्यावर दोन जणांनी हक्क सांगितला, किंवा चोरीची तक्रार करायची वेळ आली, किंवा वन विभागाने कागद मागितले, तर हाच तो पक्षी हे पक्कं दाखवता आलं पाहिजे. पहिल्या कामाला डोळ्यांना दिसणारी खूण लागते आणि दुसऱ्याला कोणी काढू शकणार नाही अशी. पायातली रिंग पहिलं काम छान करते, दुसरं अर्धवट करते कारण रिंग कापता येते. मायक्रोचिप, म्हणजे सुईने अंगात घालायची नंबर असलेली बारीक कॅप्सूल, दुसरं काम फार चांगलं करते पण पहिल्यासाठी तिचा उपयोग शून्य, कारण बाहेरून काही दिसतच नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, शक्य असेल तिथे एक दिसणारी आणि एक न काढता येणारी अशा दोन गोष्टी ठेवा, आणि पक्षी चिप लावायला फारच लहान असेल तर दुसऱ्या कामाची जबाबदारी फोटोंवर टाका, पण मग फोटो तसे काढा. ते कसे, ते खाली सांगतो.

रिंग

रिंग दोन प्रकारची. क्लोज रिंग म्हणजे अखंड कडी, कुठेही जोड नाही, ती पिल्लू घरट्यात असतानाच पायात सरकवतात, नंतर पाय वाढला की ती निघत नाही आणि मोठ्या पक्ष्याला घालताही येत नाही. ओपन रिंग म्हणजे जोड असलेली, कुठल्याही वयात पक्कडने दाबून बसवता येते. ओळखायला सोपं आहे, रिंगवरून नख गोल फिरवा, कुठे खाच लागली तर ओपन. क्लोज रिंगची किंमत यासाठी की तिच्यावरून दोन गोष्टी कळतात, हा पक्षी माणसाच्या हाताखाली जन्मलाय आणि साधारण कुठल्या वर्षी, कारण बहुतेक ब्रीडर, म्हणजे पिल्लं वाढवून विकणारे, रिंगवर वर्ष, स्वतःचा कोड आणि त्या पिल्लाचा नंबर कोरून घेतात. मापापेक्षा मोठी क्लोज रिंग मोठ्या पक्ष्याच्या पायात ढकलूनही बसवतात, त्यामुळे रिंग पायात फारच ढिली, पंजावर घसरतेय असं दिसलं तर शंका घ्या.

पेट शॉपमध्ये किंवा ब्रीडरकडे गेलात की पिंजऱ्याबाहेरून रंग बघून पैसे देऊ नका. पक्षी हातात घ्यायला सांगा, रिंगवरचा नंबर मोबाईलने झूम करून वाचा, बिलावर तोच नंबर लिहून घ्या, वर्ष आणि सांगितलेलं वय जुळतं का बघा. दोन वर्षांपूर्वीची रिंग आणि दुकानदार म्हणतो तीन महिन्यांचं पिल्लू, असं झालं तर तिथेच थांबा. ब्रीडरला विचारा की तुमच्याकडे रिंगचं रजिस्टर आहे का, चांगला ब्रीडर कोणत्या जोडीचं कुठलं पिल्लू कोणाला गेलं ते लिहून ठेवतो आणि विचारल्यावर आनंदाने दाखवतो. हे रजिस्टर महत्त्वाचं, कारण आपल्याकडे रिंगचा नंबर टाकला आणि मालकाचं नाव आलं अशी सगळ्या देशाची एकच यादी नाही. नंबर आणि तुमचं घर यांच्यातला धागा म्हणजे ब्रीडरची वही आणि तुमचं बिल, एवढंच.

स्वतःकडे पिल्लं होत असतील तर रिंग वेळेत घाला. बजी म्हणजे बजरीगार, छोटा रंगीत पोपट, त्याच्या पिल्लाला साधारण पाचव्या ते नवव्या दिवसात, कॉकाटिलला आठ ते बारा, लव्हबर्डला दहा ते चौदा, आफ्रिकन ग्रे या मोठ्या राखाडी पोपटाला दोन ते तीन आठवड्यांच्या आसपास. दिवस मोजण्यापेक्षा पाय बघा, कारण दोन पिल्लांची वाढ सारखी नसते, बजीचं पिल्लू डोळे उघडायला लागलं की रिंगची वेळ आली असं समजा. मापं साधारण अशी, झेब्रा फिंचला अडीच ते तीन मिलिमीटर, बजीला चारच्या आसपास, लव्हबर्डला साडेचारच्या आसपास, कॉकाटिलला साडेपाचच्या जवळ, आफ्रिकन ग्रेला अकराच्या जवळपास. शो बजी, म्हणजे प्रदर्शनासाठी वाढवलेला, अंगाने मोठा असतो, त्याला साध्या बजीपेक्षा किंचित मोठी लागते, म्हणून ऑर्डर देताना जात स्पष्ट सांगा.

घालायची पद्धत अशी. पोपटवर्गीय पक्ष्याला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. हात धुवून कोरडे आणि कोमट करा, पिल्लू मऊ कापडावर घ्या, पायाला अगदी थोडं पेट्रोलियम जेली लावा. पुढची दोन बोटं आणि मागचं लांब बोट असं तिन्ही एकत्र पुढे ओढून धरा, रिंग त्यांच्यावरून पंजाच्या जाड भागापलीकडे सरकवा, मग ती वर नडगीवर न्या, मागचं छोटं बोट रिंगखाली दबलेलं असेल ते बोथट टूथपिकने अलगद सोडवा. चारही बोटं मोकळी आहेत ना, रिंग गोल फिरते ना, वरखाली थोडी सरकते ना, हे बघूनच पिल्लू परत ठेवा. संध्याकाळी पुन्हा बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, लवकर घातली असेल तर निघून घरट्यात पडलेली सापडते, मग परत घाला. आणि वेळ गेली असेल, रिंग पंजावर अडत असेल, तर जोर लावू नका, बोट निखळतं. राहिली तर राहिली, पुढे दुसरा मार्ग आहे. फिंच आणि कॅनरीच्या बाबतीत एक जास्तीची काळजी, चकचकीत रिंग आईबापांना घरट्यातली घाण वाटते आणि ते रिंगसकट पिल्लू बाहेर फेकतात, म्हणून रिंग आधी काळ्या मार्करने रंगवा आणि शक्यतो संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला घाला.

धातू कोणता? बजी, फिंच, लव्हबर्डला ॲल्युमिनियम चालतं. कन्युर म्हणजे मधल्या आकाराचा पोपट, त्याच्यापासून पुढे स्टेनलेस स्टील घ्या, मोठ्या चोचीचा पक्षी ॲल्युमिनियमची रिंग चावून चपटी करतो आणि चपटी रिंग पायाला आवळते, यात पाय जाऊ शकतो. प्लास्टिकच्या रंगीत रिंगा पिंजऱ्यातले पक्षी आपल्याला लांबून ओळखता यावेत एवढ्यापुरत्या ठीक, हा नर ही मादी, ही अ जोडी ही ब जोडी, पण त्यावर सहसा नंबर नसतो आणि त्या तुटतात, त्यांना ओळख म्हणू नका. ओपन रिंग बसवायची असेल तर ती व्हेटकडून, म्हणजे पशुवैद्याकडून, किंवा सवयीच्या माणसाकडून बसवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना पूर्ण टेकलेली पाहिजेत, केसाएवढीही फट नको, त्या फटीत पिंजऱ्याची तार किंवा खेळण्याचा धागा अडकतो आणि पक्षी रात्रभर लटकून राहतो.

रिंग घातली म्हणजे काम संपलं असं नाही, ती दर आठवड्याला बघायची असते. रिंगखाली कातडीचे खवले साचतात, पाय सुजतो, त्या पायावर वजन देत नाही, रिंग फिरत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेट. आणि कृपा करून घरी कटर, पक्कड, नेलकटर यातलं काहीही वापरून रिंग कापायला जाऊ नका. पक्ष्याची नडगी काडीएवढी असते, रिंग दाबताना ती फिरली की हाड मोडतं. व्हेटकडे रिंग कापायचं वेगळं अवजार असतं आणि गरज पडली तर गॅस देऊन पक्षी शांत करून ते कापतात. कापलेली रिंग फेकू नका, ती छोट्या पिशवीत घालून फाईलला लावा आणि व्हेटकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की अमुक नंबरची रिंग अमुक तारखेला अमुक कारणासाठी काढली. हे लोक विसरतात, आणि मग बिलावर रिंगचा नंबर आणि पक्ष्याच्या पायात काहीच नाही अशी अवस्था होते.

मायक्रोचिप

चिपबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून आधी तो काढून टाकू. चिप म्हणजे जीपीएस नाही. तिच्यात बॅटरी नसते, ती स्वतः काही सिग्नल पाठवत नाही, मोबाईलवर पक्षी कुठे आहे ते दिसत नाही. काचेच्या बारीक कॅप्सूलमध्ये एक नंबर असतो, स्कॅनर अगदी जवळ नेला, काही सेंटिमीटरवर, की त्या स्कॅनरच्या लहरींवरच ती जागी होते आणि नंबर सांगते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या स्टँडर्डच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात आणि नंबर १५ आकडी असतो, पहिले तीन आकडे देशाचा किंवा कंपनीचा कोड. घेताना याच स्टँडर्डची घ्या, नाहीतर दुसऱ्या क्लिनिकचा स्कॅनर ती वाचेलच असं नाही.

नेहमीची चिप साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते, मिनी चिप साधारण ८ मिलिमीटर लांब आणि १.४ मिलिमीटर जाड. पक्ष्यांसाठी मिनीच मागा. ती छातीच्या डाव्या स्नायूत जाड सुईने घालतात, जगभर पक्ष्यांसाठी हीच जागा ठरलेली आहे, त्यामुळे सापडलेला पक्षी स्कॅन करतानासुद्धा छातीची डावी बाजू आधी बघतात. आता वजनाचा हिशोब करा. बजी तीस ते चाळीस ग्रॅमचा, लव्हबर्ड पन्नासच्या आसपास, कॉकाटिल ऐंशी ते शंभर, सन कन्युर शंभर ते सव्वाशे, आफ्रिकन ग्रे चारशे ते पाचशे. चिपचं स्वतःचं वजन काहीच नाही, प्रश्न सुईच्या जाडीचा आणि स्नायूच्या जाडीचा आहे. बजी आणि फिंचला माझ्या मते चिप नकोच. ग्रे, मकाव, काकाटू, ॲमेझॉन या मोठ्या पोपटांना नक्की लावा. मधल्या आकाराचे, म्हणजे कॉकाटिल आणि कन्युर, त्यांचा निर्णय तुम्ही घेऊ नका आणि मीही घेत नाही, पक्ष्याची छाती हाताने चाचपून व्हेटने घ्यावा, कारण त्याच जातीचा एक पक्षी भरलेल्या छातीचा असतो आणि दुसऱ्याच्या छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागतं.

आपल्याकडे कुठल्याही भागात क्लिनिक बरीच आहेत पण कुत्र्या-मांजरांचं काम करणारी जास्त, म्हणून जायच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारा. पक्ष्यांना चिप लावायचा अनुभव आहे का, मिनी चिप आहे का, गॅस भूल द्यायची सोय आहे का, आणि स्कॅनर तुमच्याच क्लिनिकमध्ये आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर तिथे लावूच नका. इथे सोय झाली नाही तर मुंबई पुण्याला पक्ष्यांचं काम करणारे व्हेट शोधावे लागतात, मग प्रवास सकाळी लवकर करा, उन्हाळ्यात कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर गाडीत पक्षी लगेच तापतो, आणि पिंजरा सीटबेल्टने बांधा, अर्ध्या भागावर पातळ कापड टाका.

लावायच्या दिवशी तुमच्यासमोर तीन वेळा स्कॅन व्हायला हवं. आधी पक्षी स्कॅन करायचा, आधीच कोणी चिप लावलेली नाही ना बघायला. मग पाकिटातली चिप स्कॅन करायची, नंबर स्टिकरशी जुळतो का बघायला. आणि घातल्यावर पक्षी पुन्हा. सुईच्या जागेवर थोडा वेळ दाबून धरतात किंवा टिश्यू ग्लू लावतात, थेंबभर रक्त येऊ शकतं, त्याहून जास्त आलं किंवा पक्षी घरी आल्यावर फुगून खाली बसून राहिला तर लगेच फोन करा. नंबरची स्टिकरं बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त मिळतात, एक पक्ष्याच्या फाईलला, एक बिलाला. आणि वर्षातून एकदा रुटीन चेकअपला गेलात की स्कॅन करून घ्या, मिनिटभराचं काम आहे, चिप जागेवर आहे आणि चालू आहे ते कळतं.

चिपचा कमकुवत भाग तोच जो रिंगचा. नंबर मिळाला तरी तो तुमच्यापर्यंत पोहोचवणारी यादी पाहिजे. चिप कंपनीकडे नोंदणीची सोय असेल तर तिथे नाव, मोबाईल टाका, मोबाईल बदलला तर तिथेही बदला. आणि क्लिनिकला सांगा की तुमच्या रेकॉर्डला हा नंबर माझ्या नावावर ठेवा.

डीएनए

बरेच जण म्हणतात आमच्या पक्ष्याचं डीएनए सर्टिफिकेट आहे, म्हणजे ओळख झाली. नाही होत. ते सर्टिफिकेट नर की मादी एवढंच सांगतं. लॅबला तुम्ही छातीची मुळासकट उपटलेली चार पाच पिसं किंवा नखातून घेतलेलं थेंबभर रक्त कागदावर पाठवता, सोबत फॉर्मवर रिंग नंबर लिहिता, आणि लॅब तोच नंबर सर्टिफिकेटवर छापते. तो नंबर लॅबने पक्ष्याच्या पायात जाऊन वाचलेला नसतो. म्हणजे कागद आणि पक्षी यांना जोडणारी गोष्ट पुन्हा रिंगच, रिंग गेली की त्या कागदाचा त्या पक्ष्याशी संबंध दाखवता येत नाही. खरं डीएनए प्रोफाइल म्हणजे त्या एका पक्ष्याचा ठसा, ती वेगळी टेस्ट असते. ब्रीडिंगच्या महागड्या जोड्यांसाठी, हे पिल्लू याच जोडीचं का असा वाद होऊ शकतो तिथे, तिचा उपयोग आहे, घरच्या एका कन्युरसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही. मात्र एक सोपी गोष्ट करता येते, पिसं गळतात तेव्हा गळलेली पिसं कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते. आपोआप गळलेल्या पिसात डीएनए कमी असतो पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

फोटो, आवाज आणि बाकीचं

फोटो सगळ्यांकडे हजार असतात आणि उपयोगाचे त्यात फार थोडे निघतात, कारण सगळे खांद्यावर बसलेले, गोड, समोरून. ओळखीसाठी वेगळे काढा. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ, फ्लॅश बंद, डावी बाजू, उजवी बाजू, पाठ, पोट, दोन्ही पंख एकेक करून पसरून, शेपटी खालून, चोच जवळून, दोन्ही पाय आणि प्रत्येक नख. नखांचे रंग बघा, एक पांढरं आणि बाकी काळी असं कॉम्बिनेशन पुष्कळ पक्ष्यांत असतं आणि ते सहसा बदलत नाही. चोचीवरची चीर, तुटलेलं बोट, पापणीवरचा डाग, पाइड म्हणजे चट्टेदार कॉकाटिलच्या पाठीवरचे पिवळे पट्टे, ओपलाइन या रंगप्रकारातल्या बजीच्या डोक्यावरची नक्षी, हे सगळं लिहून ठेवा. रिंगचा फोटो असा पाहिजे की पूर्ण नंबर वाचता आला पाहिजे, त्यासाठी रिंग थोडी थोडी फिरवून तीन चार फोटो लागतात. पिसं बदलली की नवे फोटो काढा, पिल्लाचे फोटो घेऊन मोठ्या पक्ष्यावर हक्क सांगता येत नाही, पुष्कळ पक्ष्यांत पहिल्यांदा पिसं बदलल्यावर रंग बराच बदलतो.

आवाजाचा व्हिडिओ करा, एक तरी दर दोन तीन महिन्यांनी. बोलणारा पक्षी असेल तर तो जे बोलतो, शिट्टीवर जी चाल म्हणतो, आणि त्यातला एक शब्द किंवा चाल बाहेर कुठेही टाकू नका, ती घरच्यांपुरती ठेवा, सापडल्यावर खात्री करायला उपयोगी पडते. मोबाईल नंबर शिकवता आला तर सगळ्यात उत्तम. २०१२ साली जपानमध्ये सागामिहारा शहराजवळ हरवलेल्या एका बजीने पोलिसांसमोर स्वतःचा पत्ता म्हटला आणि तो घरी पोहोचला, ही गाजलेली गोष्ट आहे. दहा आकडे एका दमात शिकवू नका, दोन तीन आकड्यांचे तुकडे, रोज त्याच वेळी, त्याच सुरात, मराठीतच म्हणा म्हणजे ज्याला सापडेल त्याला कळेल.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. पंखाखाली टॅटू करायची पद्धत होती, पूर्वी ऑपरेशनने नर मादी ठरवल्यावर व्हेट नराला उजव्या आणि मादीला डाव्या पंखाखाली टिपका काढायचे, तो फिका पडतो, ओळख म्हणून धरू नका. नखाला नेलपॉलिश, पिसाला रंग, यातलं काहीही नको, पक्षी चोचीने अंग साफ करतो आणि सगळं पोटात जातं. पक्ष्याच्या पाठीवर लावायचे जीपीएस ट्रॅकर जंगली पक्ष्यांवर अभ्यासासाठी लावतात आणि तिथेही यंत्र शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत, म्हणजे बजीसाठी जेमतेम ग्रॅम दीड ग्रॅम, घरच्या पक्ष्यासाठी ते विसरा, पोपट तर ते तासाभरात चावून टाकेल. पंख कापणं ही ओळख नाही, सुरक्षाही नाही, कापलेल्या पंखाचा कॉकाटिलसुद्धा गंगापूर रोडवरून वाऱ्यावर गोदावरीपार जाऊ शकतो.

कबुतरांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. गच्चीवर कबुतरं पाळणारे लोक क्लोज रिंग पिल्लाला पहिल्या आठवड्याच्या आसपास घालतात, देश, वर्ष आणि नंबर असलेली, आणि दुसऱ्या पायात मोबाईल नंबर असलेली वेगळी रिंग, शिवाय उडायच्या मोठ्या पिसांवर मोबाईल नंबरचा रबरी शिक्का मारतात, पिसं गळली की परत मारायचा. थकलेलं कबुतर दुसऱ्या गावात उतरलं तरी लगेच फोन येतो. मोठ्या पोपटाच्या रुंद रिंगवरही मोबाईल नंबर कोरून घेता येतो, बजीच्या रिंगवर तेवढी जागा नसते.

मग कुठल्या पक्ष्याला काय

बजी, फिंच, लव्हबर्ड: घरट्यातच घातलेली क्लोज रिंग आणि चांगले फोटो. बिना रिंगचा मोठा बजी घेतला असेल तर ओपन रिंगच्या मागे लागू नका, फोटो आणि आवाजावर भागवा. कॉकाटिल: क्लोज रिंग, फोटो, आणि व्हेट हो म्हणाले तर मिनी चिप. कन्युर, किंवा रिंगनेकचे, म्हणजे मिठूच्याच जातीच्या पोपटाचे, परदेशी ब्रीडरकडचे वेगळे रंग, असं जे काही असेल त्याचा कायदा आधी बघा, मग स्टीलची रिंग आणि चिप. ग्रे, ॲमेझॉन, मकाव, काकाटू: चिप आधी, रिंग असेल आणि ती मोकळी फिरत असेल तर राहू द्या. काही व्हेट चिप झाल्यावर रिंग काढा म्हणतात, अडकायची भीती असते म्हणून, त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण सापडणाऱ्या माणसाच्या हातात स्कॅनर नसतो, त्याला दिसते ती रिंगच. पक्षी खोलीत मोकळा असतो, पिंजरा चांगला आहे, धाग्याची खेळणी नाहीत, तर मी रिंग ठेवा म्हणेन. पाय एकदा जरी दुखला असेल तर काढा.

कायद्याचं थोडं

आपल्याकडचा मिठू, पहाडी पोपट, मुनिया, पहाडी मैना, हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पाळणं गुन्हा आहे, आणि पायात रिंग घातली किंवा चिप लावली म्हणून ते कायदेशीर होत नाही. असा पक्षी घरात असेल तर वन विभागाशी बोला, सोडून देऊ नका, हाताळलेला पक्षी बाहेर जगत नाही.

साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या यादीतल्या परदेशी पक्ष्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम आणले, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, आणि जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं हेही कळवायचं. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाटू, सन कन्युर हे साइट्सच्या यादीत आहेत. बजी, कॉकाटिल आणि पीचफेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत, पण फिशर लव्हबर्ड आहे, दोन्ही बाजारात लव्हबर्ड म्हणूनच मिळतात म्हणून हे लक्षात ठेवा. अर्जात जिथे ओळखीची खूण लिहायची असेल तिथे रिंग आणि चिप दोन्ही नंबर बिलावर आहेत तसेच अक्षरन्‌अक्षर लिहा.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलात आणि एखाद्या जंगली पक्ष्याच्या पायात धातूची कडी दिसली तर तो कोणाचा पाळीव नाही, तो स्थलांतराच्या अभ्यासासाठी घातलेला वाळा असतो, बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वाळ्यांवर संस्थेला कळवा असं कोरलेलं असतं. फोटो काढा, नंबर दिसला तर त्यांना कळवा, पक्ष्याला हात लावू नका.

फाईल करा, आणि पक्षी गेलाच तर

प्रत्येक पक्ष्याची एक फाईल, मोबाईलमध्ये वेगळा फोल्डर, स्वतःला ईमेल केलेली एक कॉपी, आणि घरात एक कागदी. त्यात बिल, रिंग नंबर, चिपचं स्टिकर, फोटो, वजन, व्हेटचे कागद. महिन्यातून एकदा किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून तारखेसह लिहा, ओळखीलाही कामाला येतं आणि आजार लवकर कळतो हा मोठा फायदा.

पक्षी उडाला तर मेसेजमध्ये फोटो, भाग, वेळ आणि रिंगचा रंग टाका, पण नंबर पूर्ण टाकू नका, शेवटचे दोन तीन आकडे मागे ठेवा. जो फोन करेल त्याला सांगा, रिंगचा फोटो पाठवा. नंबर जुळला तर पक्षी तुमचा, आणि पैसे आधी पाठवा म्हणणाऱ्यांपासूनही वाचता. बजीला कित्येक लोक लव्हबर्ड म्हणतात आणि कॉकाटिलला नुसतं पोपट, म्हणून शोधताना नावावर जाऊ नका, प्रत्येक सापडला मेसेजचा फोटो मागवा. जवळच्या पेट शॉपमध्ये आणि क्लिनिकमध्ये फोटो देऊन ठेवा, ज्याला पक्षी सापडतो तो बहुतेक वेळा तिथे खाणं विचारायला येतो. आणि तुम्हालाच पक्षी सापडला तर उलट बाजूने हेच करा, रिंगचा फोटो काढून ठेवा पण ग्रुपवर नंबर टाकू नका, क्लिनिकमध्ये नेऊन छातीची डावी बाजू स्कॅन करून घ्या, आणि न्यायला येणाऱ्याला नंबर विचारा.

पक्षी दुसऱ्या कोणाला देत असाल तर फाईल सोबत द्या, एका कागदावर दोन्ही नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या, चिप नोंदवलेली असेल तर नाव त्याच दिवशी बदला, पोर्टलवर नोंद असेल तर तिथेही कळवा, आणि त्या कागदाची एक कॉपी स्वतःकडे ठेवा, कारण नवीन घरातून तो उडाला आणि ब्रीडरच्या वहीतून फोन तुम्हाला आला तर पुढे कोणाला लावायचा ते तुमच्याकडे लिहिलेलं पाहिजे.